काठी काकूंची, यादी माझी

सोळा जानेवारी, शुक्रवार, सकाळी साडेदहा. ठिकाण, नागाव, आमची पडवी. हजर: सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर; त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा; त्यांची मुलगी, म्हणजे माझी नणंद, म्हसळ्याहून पहिल्या एसटीने आलेली; शेजारच्या काकू, स्वतःच्या काठीसह; आणि मी, वही घेऊन. विषय: सोमवारी मुंबईच्या डॉक्टरांसमोर आईंनी कसं दिसायचं.

हे सगळं माझ्या वहीत आहे म्हणून इतकं नेमकं सांगता येतंय. चार खोल्यांचं होमस्टे चालवायचं तर कोणत्या खोलीत किती गाद्या, कोणाला मासे चालतात, कोणाला कांदाही चालत नाही, हे लिहून ठेवावंच लागतं. त्या सवयीने घरातलंही लिहिते. नवरा म्हणतो, माझं लग्न झालं तेव्हाही हिने माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली असणार. केली होती.

झालं होतं असं. डिसेंबरात आई तुळशीला पाणी घालता घालता अंगणात कोसळल्या. मिनिटभरात उठल्या आणि तांब्या कोणी पाडला म्हणून आम्हालाच विचारू लागल्या. अलिबागच्या डॉक्टरांनी छातीला कानातली नळी लावली आणि ती बराच वेळ काढलीच नाही. सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दारावरची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, चुना साचून आखडला होता. चक्कर यायला लागली म्हणजे फार थांबून चालणार नाही, असं ते म्हणाले. मुंबईला छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून नळीने नवीन व्हॉल्व्ह बसवतात. मात्र तो कोणाला बसवायचा आणि कोणाला नाही, हे तिथले डॉक्टर आधी एकत्र बसून ठरवतात.

आणि आमच्या घरात डॉक्टरांपुढे कसं दिसावं याविषयी एक ठाम मत आहे. ते सासऱ्यांमुळे झालं. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखत होतं, तेव्हा ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस चापून बसवून, दवाखान्यात ताठ चालत गेले. "कसं वाटतंय?" "उत्तम." डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आठवड्याने सासरे गेले. तेव्हापासून घरात असं धरलं जातं की त्यांना हृदयाने नाही, इस्त्रीने मारलं. दवाखान्यात जायचं तर आजारी दिसून जायचं, नाहीतर कोणी लक्ष देत नाही.

तर त्या सकाळी पडवीत नणंद म्हणाली, "आई जरा थकलेली दिसायला हवी हं. बाबांसारखं नको."

"थकलेली दिसायला काय करू? रडू?" आई म्हणाल्या.

"रडू नको," नवरा म्हणाला. "फक्त आम्हाला शिव्या घालू नको. तेवढ्यानेही खूप आजारी वाटशील."

काकूंनी आपली काठी पुढे केली. "ही न्या. काठी दिसली की आधी आत सोडतात. बँकेतसुद्धा."

नणंदेचं म्हणणं एवढंच, एक वाक्य. पुढचं सगळं मी केलं. सगळे उठून गेल्यावर मी वही उघडली आणि लिहिलं: जुनं, धुवून विटलेलं पातळ नेसायचं. अंबाडा घालायचा नाही, केस नुसते गुंडाळायचे. काठी काकूंची. सकाळी फक्त चहा. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. वाडीत काम करता हे सांगायचं नाही. ही शेवटची ओळ महत्त्वाची होती, कारण आमची नारळ-पोफळीची वाडी घरामागून विहिरीपर्यंत जाते आणि आईंचा अर्धा दिवस तिथेच असतो. नारळ पहारीवर सोलणं हे काम त्या अजून कोणाला करू देत नाहीत.

सोमवारी मांडव्याहून रो-रो बोटीने गेलो. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. बोलायला चांगल्या. त्यांनी आईंना लांब बोळात नेलं. जमिनीवर दोन ठिकाणी निळी पट्टी चिकटवलेली होती, मध्ये पाच मीटर अंतर.

"आजी, नेहमी चालता तशा चाला. घाई नको."

आता आई उंच आहेत आणि काकू माझ्या खांद्याला लागतात. काठी काकूंच्या मापाची. तिच्यावर भार द्यायचा तर आईंना कमरेत वाकावं लागलं. शिवाय काठी कशी धरतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्या आधी काठी पुढे टेकवायच्या, ती कुठे टेकली ते बघायच्या, मग एक पाऊल टाकायच्या. नवी नवरी माप ओलांडायला येते तशा आल्या. डॉक्टरबाईंच्या हातात घड्याळ होतं. मी समाधानाने मान हलवली. यादीप्रमाणे चाललं होतं.

मग मुठीत धरून दाबायचं एक यंत्र दिलं. आईंनी ते गुंजभर दाबलं. नंतर मला म्हणाल्या, "दुसऱ्याची वस्तू, मोडली म्हंजे?" हे मात्र यादीत नव्हतं, हे त्यांचं स्वतःचं.

मग प्रश्न. आंघोळ स्वतः करता का, स्वयंपाक करता का, बाहेर जाता का. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "न्हाय. सूनच करते सगळं."

हे वाक्य ऐकायला मी सव्वीस वर्षं थांबले होते. ऐकू आलं ते तिथे.

रक्त तपासलं, फोटो काढले, पायातल्या शिरा पाहिल्या. दोन दिवसांनी आम्हा तिघांना समोर बसवून डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजींच्या शिरा चांगल्या आहेत. मूत्रपिंड ठीक आहे. झडप आम्ही बसवू शकतो. पण प्रश्न झडपेचा नाही."

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"झडप नवी होते, बाकी माणूस तेच राहतं. काही पेशंट तिसऱ्या दिवशी चालत घरी जातात. काहींची झडप उत्तम चालते, पण माणूस अंथरुणातून उठत नाही. हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. अंगात ताकद किती, खाणं कसं, रक्त किती, फुफ्फुसं, मूत्रपिंड, घरी करणारं कोण. आजी फार अशक्त दिसतात. चालणं अगदीच हळू आहे, मुठीत जोर नाही, वजन उतरलंय, रक्त कमी आहे. आजच्या स्थितीत आम्हाला धीर होत नाही. सहा आठवडे खाणं सुधारा, लोहाची औषधं देते, थोडा व्यायाम. मग पुन्हा बघू. तेव्हाही कदाचित नाही म्हणावं लागेल."

परतीच्या बोटीत आई कठड्याला टेकून ताठ उभ्या होत्या. काठी काखेत, छत्रीसारखी. हातात वडापाव. नवरा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"हिला अशक्त म्हणाले?" तो म्हणाला. "ही काठी कुठून आली मध्येच?"

"काकूंची."

"ते माहितीये गं. घ्यायचं कोणी ठरवलं? ते मळकं पातळ, ते केस?"

आणि मी म्हणाले, "वन्सं म्हणाल्या होत्या ना, आई थकलेल्या दिसायला हव्यात म्हणून."

यात एकही शब्द खोटा नाही. मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय. नवऱ्याने बोटीतूनच बहिणीला फोन लावला. तो रागाने बोलत नाही, दमल्यासारखा बोलतो, ते जास्त लागतं. पलीकडून ती म्हणाली ते मलाही ऐकू आलं: "माझंच चुकलं, दादा."

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात फोन करून सांगितलं की पेशंट खरं तर इतकी आजारी नाही, जरा जास्त दाखवलं. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचे नातेवाईक हेच म्हणतात. आणि रक्त कमी आलंय ते नाटक करत नाही ना? सहा आठवड्यांनी या."

आता पुरावा हवा म्हणून मी वही घेऊन आईंच्या मागे वाडीत जायला लागले. किती वाजता निघाल्या, विहिरीशी कधी पोचल्या. पहिल्याच दिवशी माझा हिशेब फसला. आई फणसाखाली थांबल्या. "ही फांदी कोणी छाटली? अक्कल हाय का?" पुढे जुन्या पोफळीपाशी थांबल्या, तिच्या खोडाला हात लावून पडलेल्या सुपाऱ्यांवरून मला चार शब्द ऐकवले. मग पाण्याच्या टाकीशी, पंपावरून नवऱ्याचा उद्धार. दुसऱ्या दिवशी तेच. फणस, पोफळ, टाकी. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या तोंडाकडे न बघता पाठीकडे बघितलं. पाठ भात्यासारखी चालली होती.

वर्षभर मला वाटत होतं म्हातारपणाने जीभ तिखट झालीय. बाई श्वास घ्यायला थांबत होती आणि थांबलेलं कळू नये म्हणून झाडांना आणि आम्हाला झाडत होती.

"आई," मी म्हणाले, "तुम्ही तिकडेही खोटं चाललात आणि इकडेही खोटंच चालता."

"तिकडं तुझ्या यादीनं चालले," त्या म्हणाल्या. "हितं माझी मी."

म्हणजे हॉस्पिटलात दाखवली ती खरी नव्हती आणि घरात दिसायची तीही नाही. खरी बाई फणस आणि टाकीच्या मध्ये कुठेतरी होती, आणि तिची नोंद कोणाकडेच नव्हती, माझ्या वहीतही.

ते सहा आठवडे खरं सांगायचं तर नणंदेने ओढले. ती अंगणवाडी सेविका आहे. दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी यायची आणि रविवारी परत जायची. पहिल्या खेपेलाच वजनकाटा घेऊन आली. पोरांच्या वजनाचा असतो तसा हिरवा, पिवळा, लाल रंगांचा तक्ता तिने आईंसाठी कागदावर काढला, भिंतीवर लावला आणि आईंना पिवळ्यात टाकलं.

"मी काय तुझ्या अंगणवाडीतली?" आई म्हणाल्या.

"ती पोरं ऐकतात तरी, आई."

अडचण उपासांची होती. आईंचा सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. मासळी, अंडी, डाळ यांना आठवड्यात उरायचे तीन-चार वार, त्यातून वाटणाऱ्याने वाटून घ्यायचे. नणंदेने शांतपणे एकेक उपास खाली बसवला. शंकराला सांगितलं, गुरूला सांगितलं, शनिवारी मात्र वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, "आई, शनीची साडेसाती असते साडेसात वर्षं. तुझ्या डॉक्टरांनी तेवढे दिवस दिलेले नाहीत." रविवारी ती निघेपर्यंत आई तिच्याशी बोलल्या नाहीत, पण अंडं खाल्लं. जाहिराती लागल्या की हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं, हेही तिनेच लावून दिलं. आमच्याकडे उतरलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी ते बघून टाळ्या वाजवल्या. आईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी चहा दोन वेळा दिला.

पाचव्या आठवड्यात, एका बुधवारी, मी पाण्याची मोटर लावायला गेले तर आई पोफळीच्या खोडाला टेकून खाली बसलेल्या. ओठ पांढरे. हाक मारली, उत्तर नाही. मी काहीच मोजलं नाही अशी ती एकच वेळ असेल. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "बसले होते."

"आई, तुम्ही पडला होतात."

"बसले होते म्हणते ना."

मी हॉस्पिटलला कळवलं. दुपारी नणंदेलाही फोन केला. तिने आधी आईंनी काही खाल्लं का ते विचारलं. मग म्हणाली, "वहिनी, मी तेव्हा ते बोलले नसते तर आत्तापर्यंत झालंसुद्धा असतं. हे दिवस माझ्यामुळे गेले."

मी म्हणाले, "आता ते नका काढू." किती समजूतदार वाटलं असेल तिला ते.

चक्कर आल्यामुळे तिकडून लगेच बोलावणं आलं. या वेळी यादी नव्हती. आई आपलं हिरवं पातळ नेसल्या, घट्ट अंबाडा घातला, भाकरी आणि बोंबलाचं कालवण खाऊन बोटीत बसल्या. काठी काकूंकडे परत गेली होती. निळ्या पट्टीपासून निळ्या पट्टीपर्यंत आई चालल्या. झपाझप नाही, पण सरळ, समोर बघून. थांबल्या नाहीत आणि कोणाला बोलल्याही नाहीत. मुठीच्या यंत्राशी मात्र पुन्हा अडल्या.

"जोरात दाबू? मोडेल हे."

"मोडू दे, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आईंनी नारळ सोलणारा हात लावला. डॉक्टरबाईंनी आकडा बघितला, मग आईंकडे बघितलं, मग जुना कागद काढून तो बघितला.

"आजी, ऑपरेशन झालं तर काय करायचंय तुम्हाला पुढे?"

"विहिरीपर्यंत जायचं आन् परत यायचं. मधी न थांबता. थांबलं की कायतरी बोलावं लागतं."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, तसंच्या तसं. मग मला विचारलं, "मागच्या वेळी नक्की काय झालं होतं हो?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "माझ्या नणंदेला वाटलं होतं की जरा आजारी दिसलं तर..." पुढचं वाक्य मी अर्धंच सोडलं. आई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

व्हॉल्व्ह मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बसला. काय काय होऊ शकतं ते आधी सांगितलं होतं: जांघेतून रक्तस्राव, मेंदूला झटका, ठोके मंद होऊन पेसमेकर बसवावा लागणं. ठोके एक दिवस खरंच मंद होते, म्हणून तारा लावून नजर ठेवली, मग ते आपोआप जागेवर आले. दुसऱ्या दिवशी आईंना बोळात चालवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना त्या सांगत होत्या, "अगं, जांघेतून घालतात. दार वर आन् चावी खालून." चौथ्या दिवशी घरी.

निघताना मी डॉक्टरबाईंना विचारलं, "ते मधले आठवडे वाया गेले का?" त्या म्हणाल्या, "वाया नाही. रक्त खरंच कमी होतं, ते भरून आलं. त्या तयारीमुळेच इतक्या लवकर उठल्यात त्या. पण चक्कर आली तेव्हा काहीही होऊ शकलं असतं, हेही खरंच." मला यातलं पहिलं वाक्य घेऊन घरी जायचं होतं. दुसरं बरोबर आलं.

आज मे महिन्याचा दुसरा रविवार. सकाळी आई वाडीत निघाल्या, मी मागे घड्याळ घेऊन, नणंद माझ्या मागे. तिची सुट्टी आहे, चार दिवसांसाठी आलीय. फणस गेला. पोफळ गेली. टाकी गेली. आई विहिरीच्या कठड्याला हात लावून वळल्या आणि तशाच परत आल्या. सबंध वाटेत एक शब्द नाही. छाटलेली फांदी, सडलेल्या सुपाऱ्या, पंप, सगळ्यांना माफ. मी वेळ लिहिली आणि पुढे बरोबरची खूण केली.

नंतर स्वयंपाकघरात आई मला म्हणाल्या, "ती हल्ली बोलत न्हाय काय?"

ते मलाही दिसलं होतं. जी बाई शंकराशी घासाघीस करते, ती चार दिवस "तू ठरव वहिनी", "तुला वाटेल तसं" एवढंच म्हणतेय. काल आईंच्या गोळीची वेळ मी चुकीची सांगितली, ते तिच्या लक्षात आलं, तिने तोंड उघडलं आणि मिटलं. रक्त पातळ ठेवायची गोळी होती ती. मी आपणहून दुरुस्त केली म्हणून बरं.

"तिला वाटतंय तिच्यापायी मी मेले असते," आई म्हणाल्या. "मी काय बोलले न्हाय. यादी तुझी, तू बोल."

वहीत या आठवड्याचं पान असं आहे. दातांच्या डॉक्टरांना व्हॉल्व्हबद्दल आधीच सांगून ठेवणं, झालं. व्हॉल्व्हचं कार्ड तांदळाच्या डब्यातून काढून आईंच्या पिशवीत, झालं. ताप आला तर अंगावर काढायचा नाही हे आईंना बजावणं, तीन वेळा झालं. गोळ्यांचे डबे भरणं, झालं. काकूंना आंब्याची पेटी, झालं. त्याखाली एक ओळ, जी मी मार्चपासून दर आठवड्याला नवीन पानावर उतरवतेय: वन्संना सोळा जानेवारीचं पान दाखवणं.

पान फाडलेलं नाही. सहाच्या सहा ओळी माझ्या अक्षरात आहेत. नणंद आत्ता पडवीत बसून फणसाचे गरे सोलतेय, हाताला तेल लावून. तिची उद्या सकाळची एसटी आहे. चहा टाकलाय. तो उकळलाही. ओळीपुढची जागा अजून कोरी आहे.